पोरगं कष्टाळू आहे, पण पहिलं काम कुठं बघायचं? चिकटवून देण्याआधी हे वाचा

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल लागून अकरावी किंवा आयटीआयचे प्रवेश सुरू होईपर्यंत हातात दोन-तीन महिने असतात. याच काळात घरोघरी एक फोन हमखास येतो.

"आमचं पोरगं अभ्यासात जेमतेम आहे, पण अंगानं लई काम करतं. सांगाल ते करील. कुठं चिकटवता येतंय का बघा की."

फोन कधी चुलतभावाचा असतो, कधी शेजारच्या वहिनींचा, तर कधी गावाकडच्या मित्राचा. तुमची थोडीफार ओळख असते. गॅरेजवाला माहितीतला, हार्डवेअरचा दुकानदार ओळखीचा, एखादा ठेकेदार शाळेतला मित्र. एक फोन फिरवला की काम होऊन जातं आणि आपल्यालाही कुणाचं तरी भलं केल्यासारखं वाटतं.

पण इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आळशी पोराला काम मिळणं अवघड असतं, तर कष्टाळू पोराला चुकीच्या कामातून सुटणं अवघड असतं. त्याला 'नाही' म्हणता येत नाही. मालकानं आणखी दोन तास थांब म्हटलं की तो थांबतो. जड पोतं उचल म्हटलं की उचलतो. मशीन चालवता येत नसलं तरी 'येतंय येतंय' म्हणून पुढं होतो. ओळख काढून दिलेली असल्यामुळं तुमचं नाव खाली जाऊ नये म्हणून तक्रारही करत नाही.

म्हणून त्याला खरी मदत करायची असेल, तर काम मिळवून दिलं की संपलं असं होत नाही. जी मर्यादा त्याला स्वतःला घालता येणार नाही, ती तुम्ही आधी घालून द्यायची असते. ती कशी, ते एकेक करून बघूया.

आधी वय मोजा

पहिला प्रश्न 'काय काम येतं?' हा नाही. पहिला प्रश्न आहे, 'वय किती पूर्ण?'

आपल्याकडं बाल आणि किशोरवयीन कामगारांसाठी 1986 चा कायदा आहे. 2016 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार तीन टप्पे पडतात.

14 वर्षं पूर्ण नसतील तर कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्याच व्यवसायात हातभार लावणं आणि मुलांनी कलाकार म्हणून काम करणं, एवढीच सवलत आहे आणि तिलाही अटी आहेत. 'ओळखीच्या काकांचं दुकान' हे घरचं दुकान होत नाही.

14 ते 18 या वयातल्या मुलामुलींना कायदा 'किशोरवयीन' म्हणतो. त्यांना काम करता येतं, पण धोकादायक काम नाही. खाणी, स्फोटकं, ज्वलनशील पदार्थ आणि कायद्यानं धोकादायक ठरवलेल्या प्रक्रिया त्यांच्यासाठी पूर्ण बंद आहेत. फटाक्यांचा कारखाना यात सरळसरळ येतो.

18 पूर्ण झाले की तो प्रौढ कामगार.

हे नियम मोडून मुलाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला 6 महिने ते 2 वर्षं कैद आणि 20 हजार ते 50 हजार रुपये दंड होऊ शकतो. त्यामुळं वयाचा पुरावा आधी दाखवणं हे मालकाच्याही फायद्याचं आहे. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला याची झेरॉक्स पुरते.

किती तास? हा नियम बहुतेकांना माहीत नसतो

'14 नंतर चालतं' एवढं अनेकांना ठाऊक असतं. पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही.

दुकान, वर्कशॉप, हॉटेल, शेत अशा ठिकाणी 14 ते 18 वयाच्या मुलाला सलग 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. 3 तासांनंतर किमान 1 तासाची सुट्टी द्यावी लागते. सुट्टी आणि कामाची वाट बघत बसण्याचा वेळ धरून दिवसाचे एकूण 6 तासच भरले पाहिजेत. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम नाही. ओव्हरटाइम नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी.

सोप्या भाषेत सांगायचं, तर सकाळी 9 ते दुपारी 12 काम, 12 ते 1 जेवण आणि आराम, 1 ते 3 पुन्हा काम आणि मग घर.

आता आपल्या ओळखीतल्या दुकानात आणि हॉटेलांत काय चालतं ते आठवून बघा. सकाळी 9 ला शटर उघडायला पोरगं हजर आणि रात्री 9 ला शटर ओढायलाही तेच पोरगं. 16 वर्षांच्या मुलाला 12 तास राबवणं बेकायदेशीर आहे, मग तो कितीही आनंदानं राबत असला तरी.

लग्नसराईत वाढपी म्हणून जाणं हे अनेकांचं पहिलं काम असतं. दुपारच्या मुहूर्ताची पंगत असेल तर ठीक. पण रात्रीचं रिसेप्शन, त्यानंतरची भांडी आणि मध्यरात्री टेम्पोत मागं बसून परत येणं, हे 18 च्या आतल्या पोरासाठी नाही.

कोणतं काम शोधायचं आणि कोणतं टाळायचं

पहिल्या कामातून दोन गोष्टी मिळायला हव्यात. थोडे पैसे आणि हातात थोडी कला. नुसते पैसे मिळतील अशी कामं भरपूर असतात, पण त्यातून पोरगं पुढं सरकत नाही.

सुरुवातीला बघण्यासारखी ही काही कामं:

- रोपवाटिका. पिशव्या भरणं, रोपं लावणं, पाणी देणं, गिऱ्हाइकाला रोप काढून देणं. कष्ट आहेत, पण पोराचा जीव रमतो. औषध फवारणी मात्र त्याच्याकडं द्यायची नाही, हे आधीच सांगा.
- सायकल किंवा दुचाकीचं गॅरेज. पाना-पक्कड ओळखणं, पंक्चर काढणं, गाडी धुणं, मिस्त्रीच्या हाताखाली सुटे भाग खोलणं आणि जोडणं. इथं शिकायला खूप मिळतं.
- हार्डवेअर, इलेक्ट्रिकल किंवा किराणा दुकान. माल लावणं, मोजणं, बांधून देणं. सहा महिन्यांत पोराला शंभर वस्तूंची नावं, मापं आणि भाव पाठ होतात. पुढं वायरमन किंवा प्लंबर व्हायचं असेल तर ही ओळख कामी येते.
- सुतार, प्लंबर, वायरमन यांच्या हाताखाली. अवजार देणं, माप धरणं, सामान आणणं. चालू लाइनवर किंवा फिरत्या करवतीवर त्याचा हात जाता कामा नये.
- बेकरी, मसाला, पापड अशा घरगुती उद्योगात पॅकिंग. मुलींसाठी घरचे बहुतेक हेच सुचवतात. पण मुलीला पाना-पक्कड हातात घ्यायची असेल, तर तिच्यासाठीही गॅरेज आणि वायरमनचा पर्याय उघडा ठेवा.

टाळायची कामंही स्पष्ट सांगतो.

प्रेस मशीन, कटर, फिरता पट्टा असलेल्या यंत्रावर पहिलं काम नको. यंत्रात गेलेलं बोट परत येत नाही आणि 'जरा लक्ष ठेव म्हटलं होतं' याचा नंतर काही उपयोग नसतो. परांचीवर, उंचीवर चढायचं काम नको. रसायनं, ॲसिड, स्प्रे पेंटिंग नको.

आणि डिलिव्हरी नको. मोठ्या भावाच्या नावानं ॲपवर आयडी काढायचा आणि 16-17 वर्षांच्या पोरानं गाडी पळवायची, हा प्रकार सर्रास दिसतो. मोटारसायकल किंवा नेहमीची स्कूटर चालवायला 18 वर्षं पूर्ण लागतात. 16 व्या वर्षी फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय त्या मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्याला पुढं ड्रायव्हर व्हायचंय, त्याची वाट तिथंच बंद होते.

कामापेक्षा माणूस बघा

एकाच गल्लीत दोन गॅरेज असतात. एका गॅरेजातलं पोरगं तीन वर्षांनी स्वतःची टपरी टाकतं. दुसऱ्या गॅरेजातलं पोरगं तीन वर्षांनीही गाड्याच धुत असतं. काम तेच, भाग तोच. फरक असतो तो मिस्त्रीत.

म्हणून फोनवर काम ठरवू नका. स्वतः जा, एक चहा घ्या आणि अर्धा तास बसा. बसल्या बसल्या या गोष्टी बघा.

आधीपासून कामाला असलेल्या पोरांच्या हातापायांकडं बघा. पायात चप्पल आहे की बूट? भाजल्याच्या, कापल्याच्या खुणा किती आहेत? अवजारं जागच्या जागी आहेत की जमिनीवर पसरलेली? वायरी उघड्या आहेत का?

कुणाच्या हातून काही चुकलं तर मालक काय करतो? शिव्या देतो, हात उचलतो, की 'आण इकडं, दाखवतो' म्हणतो? अर्ध्या तासात एक तरी चूक होतेच, त्यामुळं हे समजायला वेळ लागत नाही.

मग सहज विचारा, "याआधीचा पोरगा कुठं गेला?" 'आता स्वतःचं काम करतो, अधूनमधून येतो' असं उत्तर आलं तर जागा चांगली. 'पळून गेला, आजकालची पोरं टिकत नाहीत' असं उत्तर आलं, तर त्या पोराला गाठून त्याची बाजूही ऐकून घ्या.

बोलणी तुम्ही करा, त्याच्यासमोर करा

पंधरा-सोळा वर्षांचं पोर मालकाशी पैशाचं बोलू शकत नाही. 'तुम्ही द्याल ते' म्हणून मोकळं होतं. म्हणून बोलणी मोठ्या माणसानं करायची, पण पोराला शेजारी बसवून. पुढच्या वेळी त्याला स्वतःला बोलता आलं पाहिजे.

बोलणं साधं ठेवा.

"दादा, पोरगं कष्टाळू आहे, पण सोळा पूर्ण आहे. नऊ ते तीनच थांबेल. रविवारी येणार नाही. मशीनवर बसवू नका. रोज किती देणार आणि पैसे कधी देणार, तेवढं सांगा. काही लागलं-खुपलं तर दवाखान्याचं कोण बघणार, तेही आत्ताच बोलू."

याला जो मालक वैतागेल, तो पुढं काय करणार याचा अंदाज तिथंच येतो.

पैशाच्या बाबतीत तीन सापळे नेहमी दिसतात.

एक, 'शिकतोय ना, मग पैसे कशाचे?' पहिले चार दिवस बघण्यात जातात, हे मान्य. पण पोरगं माल उचलतं, झाडलोट करतं, गिऱ्हाईक सांभाळतं, म्हणजे ते काम करतंय. कामाचे पैसे झाले पाहिजेत. खरी शिकाऊ उमेदवारी वेगळी असते. तिच्यासाठी 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्यात किमान वय 14 आहे, धोकादायक उद्योगांसाठी 18. तिथं लेखी करार होतो, नोंदणी होते आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. ज्याला कुणाला 'शिकाऊ' म्हणून फुकट पोरगं हवंय, त्याला 'मग नोंदणी करूया का?' एवढं विचारून बघा.

दोन, उचल. 'घरात अडचण आहे का? वीस हजार आत्ता घेऊन जा, पोरगं फेडेल.' हे उपकारासारखं वाटतं. पण उचल घेतली की पोरगं काम सोडू शकत नाही. वीटभट्टी आणि ऊसतोडीत हे चक्र पिढ्यान् पिढ्या चाललेलं आपण पाहिलंय. कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं म्हणजे वेठबिगारी. 1976 च्या कायद्यानं ती बंद केलेली आहे. पोराच्या कामावर एक रुपयाही उचल घेऊ नका आणि त्याच्या आईवडिलांनाही घेऊ देऊ नका.

तीन, बाँड आणि मूळ कागदपत्रं. 'दोन वर्षं सोडणार नाही' असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेणारे भेटतात. 18 वर्षांखालच्या मुलानं केलेला करार कायद्यानं मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलनं 1903 मध्ये मोहरी बीबीच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि आजही तोच निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. त्यामुळं असा बाँड मुलाला बांधत नाही, पण घाबरवायला मात्र वापरला जातो. सही करायचीच नाही. मूळ दाखला, मूळ मार्कशीट किंवा मूळ आधार कार्डही मालकाकडं ठेवायचं नाही. झेरॉक्स द्या आणि ती कशासाठी दिली हे तिच्यावर लिहा.

पगार कुणाच्या खात्यात?

10 वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावावर बचत खातं उघडून ते स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे. पैसे काढण्याची मर्यादा प्रत्येक बँक आपापली ठरवते. काम सुरू होण्याआधीच हे खातं उघडून घ्या.

घराला गरज असेल तर पोरगं पैसे देणारच, बहुतेक वेळा न सांगता देतं. पण पैसे आधी त्याच्या हातात, त्याच्या खात्यात येऊ देत. मग घरात किती, स्वतःजवळ किती, हे बसून ठरवा. वडिलांनी परस्पर मालकाकडून पगार आणणं हे घरोघरी चालतं. पण महिनाभर राबून ज्याला स्वतःचा पगार बघायलाही मिळत नाही, तो हळूहळू कामावरून मन काढून घेतो. ती चूक त्याची नसते.

रोजच्या हजेरीची एक छोटी वही त्याला घेऊन द्या. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मिळालेले पैसे. उद्या वाद झालाच, तर ही वही उपयोगी पडते.

शाळेचं दार बंद करू नका

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. दोन महिन्यांचं सुट्टीतलं काम जूनमध्ये संपायला हवं. पण पोराच्या हातात पैसे खेळायला लागतात, घराला सवय होते, मालकही म्हणतो, 'चांगलं काम करतोय, कशाला पाठवताय कॉलेजात?' आणि शाळा सुटते. कष्टाळू पोरं नेमकी इथं अडकतात.

महाराष्ट्राला कष्ट आणि शिक्षण यांची सांगड नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढं साताऱ्यातल्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहून, स्वतः राबून शिकली. 'कमवा आणि शिका' हे शब्द तिथून घरोघरी पोचले. आजही अनेक विद्यापीठांत या नावाची योजना चालते. त्या शब्दांचा क्रम नीट बघा. कमाई शिक्षणासाठी होती, शिक्षणाऐवजी नव्हती.

आजचे पर्यायही कमी नाहीत. हाताच्या कामाची आवड असेल तर आयटीआय आहे. तिथं 14 वर्षांपासून प्रवेश मिळतो. बऱ्याच ट्रेडना दहावी पास लागते, काहींना आठवी पासही चालते. दहावी नापास झाला असेल तर पुरवणी परीक्षा आहे. शाळा आधीच सुटली असेल तर बाहेरून बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म आहे.

कामावर ठेवतानाच मालकाला प्रवेशाची साधारण तारीख सांगून ठेवा. 'जूनपर्यंतच आहे, नंतर सुट्टीतच येईल.' हे आधी सांगितलं की नंतर भांडण होत नाही.

पहिल्या आठवड्यात पोराला काय सांगायचं?

फार उपदेश नको. चार वाक्यं पुरेत.

वेळेवर जा आणि वेळेवर नीघ. पायात बूट घाल, सैल कपडे आणि हातात कडं-दोरा घालून यंत्राजवळ जाऊ नकोस. जे येत नाही ते 'येत नाही, दाखवा' म्हणून सांग, त्यात कमीपणा नाही. आणि कुणी मारलं, अंगाला नको तसा हात लावला किंवा पैसे अडवले, तर त्याच दिवशी मला सांग. माझी ओळख गेली तर जाऊ दे.

हे शेवटचं वाक्य नक्की म्हणा. बरीच पोरं तुमची ओळख राखायची म्हणूनच गप्प बसतात.

पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी एक फोन करा. 'काम कसं चाललंय?' असं विचारलं तर 'बरं चाललंय' एवढंच उत्तर येतं. 'आज नवीन काय शिकलास? आज भीती कशाची वाटली?' असं विचारा. पंधरा दिवसांनी न सांगता एक चक्कर टाका. संध्याकाळी सातनंतर टाकली तर जास्त बरं. तो तिथं दिसलाच नाही, म्हणजे ठरलेलं पाळलं जातंय.

प्रकरण हाताबाहेर गेलं तर 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. तक्रार पोरानंच करावी असं नाही, तुम्हीही करू शकता.

थोडक्यात

वयाचा पुरावा, 6 तासांची मर्यादा, संध्याकाळी 7 च्या आत घर, उचल नाही, बाँड नाही, पगार त्याच्या खात्यात आणि जूनमध्ये परत वर्गात.

पुढच्या वेळी 'चिकटवता येतंय का बघा' असा फोन आला, तर 'बघतो' म्हणून ठेवू नका. त्या पोरालाच फोन द्यायला सांगा आणि त्याला एकच विचारा, 'तुला काय शिकायचंय?' उत्तर यायला वेळ लागेल, कारण हे त्याला बहुतेक पहिल्यांदाच कुणी विचारलेलं असेल. ते उत्तर ऐका आणि मगच ओळखीच्या मिस्त्रीचा नंबर शोधा.